कळतं पण वळत नाही: घरी शिकणाऱ्या न्यूरोडायव्हर्जंट मुलांबद्दल पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

न्यूरोडायव्हर्जंट म्हणजे ज्यांचा मेंदू इतरांपेक्षा वेगळ्या पद्धतीने चालतो अशी मुलं. एडीएचडी (लक्ष टिकवण्याची आणि स्वतःला आवरण्याची अडचण), ऑटिझम, डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण) किंवा यांतलं थोडं-थोडं सगळंच असलेली अशी मुलं कोल्हापुरात घराघरांत शिकतायत. कुणी शाळा सोडून, कुणी अर्धा दिवस शाळा करून, तर कुणी शाळेत काहीच हाती लागत नाही म्हणून संध्याकाळी आईजवळ बसून. मी अशा मुलांना त्यांच्या घरी जाऊन शिकवते. पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

पोरगं हुशार आहे, विचारलं की सगळं सांगतं, पण स्वतःहून काडी हलवत नाही. हा आळसच ना?

आळशी माणसाला काम टाळल्यावर बरं वाटतं. तुमच्या मुलाकडे नीट बघा. ते वहीसमोर तासभर बसून असतं, लिहीत नाही आणि खेळायलाही जात नाही, शेवटी रडकुंडीला येतं. टाळण्यातली मजासुद्धा त्याच्या वाट्याला येत नाही. अडलंय ते ठरवलेलं प्रत्यक्ष हातून घडवण्यापाशी.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २००७ मध्ये मेंदूच्या स्कॅनवरून दाखवलं की एडीएचडी असलेल्या मुलांत मेंदूच्या बाह्य थराची वाढ त्याच क्रमाने होते, पण साधारण तीन वर्षं मागून. इतर मुलांत जो टप्पा साडेसात वर्षांच्या आसपास येतो, तो यांच्यात साडेदहाच्या आसपास. याच क्षेत्रातले मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली पालकांना एक ढोबळ हिशोब देतात: स्वतःला सांभाळण्याच्या बाबतीत मुलाचं वय तीस टक्क्यांनी कमी धरा. म्हणजे बारा वर्षांच्या मुलाकडून वह्या, वेळ आणि राग सांभाळण्याची अपेक्षा आठ-नऊ वर्षांच्या मुलाएवढी.

इथे एक गोष्ट उलटी होते, म्हणून स्पष्ट सांगते. अपेक्षा कमी करायची ती सांभाळण्याची, शिकण्याची नव्हे. बारा वर्षांच्या मुलाला बारा वर्षांचंच विज्ञान द्या. त्याला दुसरीचं पुस्तक दिलंत तर ते कंटाळेल आणि तुम्ही म्हणाल, बघा, यातही मन लागत नाही.

एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणजे नक्की काय?

काम सुरू करणं, मधल्या पायऱ्या डोक्यात धरून ठेवणं, मोहाला थांबवणं, एका गोष्टीवरून दुसरीवर वळणं, वेळेचा अंदाज घेणं आणि चिडल्यावर परत जागेवर येणं, या सगळ्या कौशल्यांचं हे एकत्र नाव. ‘‘आत जा, कपाटातली भूगोलाची वही आण, येताना पंखा बंद कर आणि आजीला चहा हवाय का विचार,’’ असं सांगून पाहा. मूल कपाटापर्यंत जातं आणि तिथेच उभं राहतं. ऐकलं नव्हतं असं नाही, वाटेत सांडलं.

म्हणून यांना मदत लागते ती कामाच्या जागी आणि कामाच्या क्षणी. सकाळी दिलेलं व्याख्यान दुपारी तीनला कामाला येत नाही. कपाटावर चिकटवलेली दोन शब्दांची चिठ्ठी येते.

मोबाईलवर दोन तास मान वर करत नाही. मग अभ्यासाला दहा मिनिटं का जड जातात?

गेम दर चार-दोन सेकंदांनी उत्तर देतो, पुस्तक घटक चाचणीनंतर देतं. आवड, नवेपणा, लगेच मिळणारा निकाल आणि जेमतेम जमेल एवढी अवघड पातळी, या गोष्टी असल्या की या मुलांचं लक्ष टिकतं. ‘महत्त्वाचं आहे’ एवढ्या कारणावर ते टिकत नाही. मूल मुद्दाम असं करतं, हा समज घरातून आधी घालवा.

मोबाईल काढून घेताना घड्याळापेक्षा खेळाचा शेवट धरा. ‘‘ही मॅच संपली की’’ हे ‘‘सहा वाजले, ठेव’’ पेक्षा बरंच शांतपणे पार पडतं. आणि मोबाईलनंतर लगेच गणित लावू नका. मध्ये काहीतरी हालचाल हवी. दुकानातून कोथिंबीर आणणं, गच्चीवर दोरीच्या उड्या, काहीही.

सुरुवातच होत नाही. एकदा बसली की करते, पण बसवेपर्यंत आमचा जीव जातो.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

राजारामपुरीतल्या एका घरातली अकरा वर्षांची मुलगी. विषय अपूर्णांकांचा. आई स्वयंपाकघरातून हाक मारायची, ‘‘गणिताला बस गं.’’ मुलगी म्हणायची, ‘‘बसतो की मम्मी, आलो.’’ आणि यायची नाही. हाक चार वेळा, पाचव्यांदा ओरडा, मग रडारड. नंतर जे रडत रडत व्हायचं त्याला अभ्यास म्हणायचं तर म्हणा.

बदल काय केला? ‘गणिताला बस’ हे वाक्य बंद झालं, कारण त्यात मुलीसाठी सात-आठ कामं दडलेली होती: वही शोधायची, पान काढायचं, पेन्सिलला टोक करायचं, कुठलं उदाहरण ते ठरवायचं. हे सगळं आई आता आदल्या रात्री करून ठेवते. टेबलावर वही त्या पानावर उघडी, पेन्सिल तिच्यावर, आणि पहिलं उदाहरण आईने अर्धं सोडवलेलं, तेही एका ठिकाणी मुद्दाम चुकवून. मुलगी जाता जाता बघते. ‘‘मम्मी, छेद सारखा केलाच नाहीस तू!’’ म्हणून पेन्सिल उचलते. पहिली ओळ लिहिली की दुसरीला ढकलावं लागत नाही.

दुसरी गोष्ट, आई आता शेजारी बसते. तपासायला नाही. ती तिची मेथी निवडत असते. कुणीतरी आपलं काम शांतपणे करत जवळ असलं की या मुलांचं बूड टिकतं. त्यासाठी पालकालाच बसावं लागतं असं नाही, पेपर वाचणारे आजोबाही चालतात. फक्त त्यांनी मध्येच पाढे विचारायचे नाहीत.

तिसरी, निवड. ‘‘बसतेस का?’’ याला ‘नाही’ हे उत्तर तयारच असतं. ‘‘गणित आधी का इंग्रजी?’’ याला नसतं. दोनच पर्याय द्या, पाच दिले की निवडणं हेच नवं काम होऊन बसतं. काही मुलांना, विशेषतः ऑटिझम असलेल्यांना, थेट आज्ञा कानावर पडली की सगळं अंग आखडतं. तिथे नुसतं ‘‘वही इथं ठेवतो बरं का,’’ म्हणून निघून जावं.

आणि ‘‘का नाही केलंस?’’ हा प्रश्न घरातून हद्दपार करा. मुलाला त्याचं उत्तर माहीत नसतं. विचारत राहिलात तर ते एखादं खोटं उत्तर तयार करायला शिकतं.

वेळेचं भानच नाही. अंघोळीला गेला की तिकडचाच होतो.

वेळ त्याला जाणवत नाही, म्हणून ती दिसली पाहिजे. काट्यांचं घड्याळ लावा आणि काचेवर रंगीत चिकटपट्टीने ‘इथपर्यंत’ अशी खूण करा. वाळूचं घड्याळ लहान मुलांना आवडतं. मोबाईलचा टायमर शक्यतो नको, कारण टायमर बघायला उचललेला मोबाईल खाली ठेवला जात नाही.

मोठ्यांनीही जरा सांभाळून बोलावं. आपल्याकडे ‘‘आलोच पाच मिनिटांत’’ म्हणणारा माणूस अजून रंकाळ्यावर भेळ खात असतो. अशा घरात मुलाने पाच मिनिटं म्हणजे किती हे कुठून शिकायचं? एक खेळ खेळा: काम सुरू करण्याआधी अंदाज लिहायचा, संपल्यावर खरी वेळ. ‘अंघोळ: अंदाज ५, लागली २२.’ रागवायचं नाही, नुसतं लिहायचं. आईबाबांनीही आपले आकडे लिहायचे. बाबांचं ‘गाडी धुणं’ पाहून मुलं खूश होतात.

वेळापत्रक करतो, दोन दिवसांत कोलमडतं. मग करायचंच कशाला?

तासांचं वेळापत्रक करू नका, क्रम करा. नाश्ता झाला की वाचन, वाचन झालं की अंगणात, मग गणित. प्रत्येक कामाचं एक कार्ड, झालं की उलटं. दिवस एक तास उशिरा सुरू झाला तरी क्रम मोडत नाही, घड्याळाचं वेळापत्रक मात्र साडेनऊलाच मेलेलं असतं.

हा क्रम भिंतीवर रंगवू नका, पुठ्ठ्यावर करा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेकाठच्या किती घरांना रातोरात नातेवाइकांकडे जावं लागलं ते आपण पाहिलंय. पूरच कशाला, लग्नाला चार दिवस गावी गेलात तरी घर बदलतं, माणसं बदलतात, जेवणाच्या वेळा बदलतात. अशा वेळी ओळखीचा एक पुठ्ठा बरोबर असला तर मुलाला धरायला काहीतरी राहतं.

दोन-तीन आठवड्यांनी तेही चालेनासं होईल. नवेपणा गेला की या मुलांना कार्ड दिसेनासं होतं. रंग बदला, जागा बदला, मुलाला स्वतः काढू द्या.

बक्षीस द्यावं का? सासूबाई म्हणतात लाच लावताय.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी एक प्रयोग केला. बालवाडीतल्या ज्या मुलांना चित्रं काढायला मुळातच आवडत होती, त्यांतल्या काहींना ‘काढलंस तर प्रशस्तिपत्र’ असं आधी कबूल केलं. पुढे हीच मुलं आपणहून कमी चित्रं काढू लागली. न सांगता अचानक बक्षीस मिळालेल्यांवर असा परिणाम झाला नाही. म्हणून मूल जे आवडीने करतंय त्यावर बक्षीस लावू नका.

जे अजिबात होत नाही, त्यासाठी मात्र छोटं आणि लगेचचं बक्षीस चालतं, एडीएचडीत तर विशेष चालतं. ‘वार्षिक परीक्षेत नव्वद टक्के मिळव, सायकल घेऊ’ हे अशा मुलासाठी जवळजवळ निरर्थक आहे. ‘हा उतारा झाला की आपण दोघं कॅरमचा एक बोर्ड’ याला अर्थ आहे. मिळालेलं परत काढून घेऊ नका. सकाळी कमावलेले तारे संध्याकाळी भांडणात कापले गेले की तो तक्ता संपला, दुसऱ्या दिवशी मूल त्याच्याकडे बघतही नाही.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या प्रेरणेवरच्या मांडणीत तीन गरजा सांगितल्या आहेत: आपलं काही चालतं, आपल्याला जमतं आणि आपण कुणाचे तरी आहोत. घरात बहुतेक भांडण पहिलीवरून होतं, पण मला सगळ्यात जास्त मोडलेली सापडते ती दुसरी. दिवसभर ‘चुकलं, परत कर’ ऐकणाऱ्या मुलाला प्रेरणा आणायची तरी कुठून? दिवसात निदान एक काम असं ठेवा जे त्याला हमखास जमतं, आणि ते सगळ्यात आधी.

आमच्या ऑटिस्टिक मुलाला फुटबॉल सोडून काही सुचत नाही. हा नाद कसा सोडवायचा?

कोल्हापुरात फुटबॉलचा नाद सोडवायला निघालात! आधी घरातल्या मोठ्यांचा सोडवा.

नाद सोडवू नका, त्यातून रस्ता काढा. माझ्या ओळखीच्या एका तेरा वर्षांच्या मुलाला शाहू स्टेडियमवरचे पेठांचे सामने तोंडपाठ. पाटाकडील, शिवाजी तरुण, खंडोबा या संघांपैकी कुणी कुणाला किती गोल मारले सगळं. ऋण संख्या मात्र डोक्यात शिरत नव्हत्या. गुणतक्ता मांडला आणि गोलफरकाचा रकाना केला: मारलेले तीन, खाल्लेले पाच, फरक उणे दोन. ‘‘उणे दोनवाला उणे पाचवाल्याच्या वर असतो,’’ हे त्यानेच मला समजावलं. पुढे त्याच तक्त्यावर सरासरी आली, टक्केवारी आली, आणि सामन्याचा वृत्तान्त लिहिण्याच्या निमित्ताने चार ओळींचं लेखनही.

पण आवडीचा विषय ओलीस ठेवू नका. ‘अभ्यास नाही तर फुटबॉल बंद’ म्हणालात की त्याचा एकमेव आधार तुमच्या रागाला बांधला जातो.

एका कामातून दुसऱ्यात जाताना होणारी रडारड हा वेगळा मुद्दा. त्याला पुढचं काम आधी दाखवा, ‘आता हे, मग ते’ अशी दोन चित्रं पुरतात, आणि अर्धवट राहिलेलं काम कुठे ठेवलंय व परत कधी करायला मिळेल हेही सांगा. बहुतेक रडणं त्या अर्धवट राहिलेल्यासाठी असतं.

तोंडी सगळं येतं, लिहायला मात्र नको म्हणतो.

मग तोंडीच घ्या. इतिहास तपासताय का अक्षर, ते आधी ठरवा. जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व-दीर्घ, वरच्या मात्रा आणि खालचे उकार, मराठी लिहिताना हाताला आणि डोळ्याला एकाच वेळी भरपूर काम असतं. डिस्लेक्सिया किंवा डिसग्राफिया (लिहिण्यातली अडचण) असलेल्या मुलाची सगळी ताकद त्यातच जाते, सांगायचं होतं ते राहून जातं. त्याने बोलावं, तुम्ही लिहावं, मग त्याने त्यातली एकच ओळ उतरवावी. मोबाईलवर बोलून मराठी टाईप करणंही चालेल. लेखनाचा सराव वेगळा करा, रोज थोडाच.

दोन खोल्यांचं घर, टीव्ही चालू, आजोबा म्हणतात दोन ठेवून दिल्या की सरळ होईल.

स्वतंत्र खोली लागत नाही. भिंतीकडे तोंड करून बसायची एक ठरलेली जागा आणि टीव्हीच्या वेळेशी न भिडणारी अभ्यासाची वेळ पुरते. गणपतीत किंवा नवरात्रात गल्लीत डॉल्बी लागली की आवाज सहन न होणाऱ्या मुलाकडून काहीही अपेक्षा ठेवू नका. त्या दिवशी शक्य असेल तर त्याला मावशीकडे पाठवा, ते जास्त शहाणपणाचं.

आजोबांशी वाद घालून उपयोग नाही, त्यांना काम द्या. मार बसल्यावर मूल घाबरून बसेल, पण घाबरलेलं डोकं पायऱ्या लक्षात ठेवत नाही, हे त्यांनाही एकदा दिसलं की पटतं. रोज संध्याकाळी वीस मिनिटं त्यांनी मुलाला चालायला न्यावं आणि त्या वेळात अभ्यासाचा विषय काढू नये. बऱ्याच आजोबांना हे काम मनापासून आवडतं.

गूळ-साखर बंद केली तर चंचलपणा जाईल का?

नाही. साखर कुणाला दिली हे मुलांना आणि पालकांना कळू न देता केलेल्या प्रयोगांत साखरेमुळे चंचलपणा वाढल्याचं दिसलेलं नाही. दातांसाठी कमी करा. झोप आणि वेळेवर पोटभर खाणं यांचा फरक जास्त पडतो.

आणि औषध?

तो निर्णय बालमनोविकारतज्ज्ञ किंवा विकासात्मक बालरोगतज्ज्ञाबरोबर बसून घ्यायचा. एडीएचडीत मिथाइलफेनिडेटसारख्या औषधांवर भरपूर अभ्यास झालेला आहे, आणि ती चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. औषधाने मुलाला बसणं सोपं जातं, पण दप्तर कसं भरायचं ते औषध शिकवत नाही. चालू असलेलं औषध शेजारणीच्या सांगण्यावरून बंद करू नका.

घरी शिकवणं कायद्यात बसतं का? दहावीचं काय?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास पालकांना शिक्षेची तरतूद त्यात नाही. २०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा पर्याय दिला.

दहावीसाठी रस्ते आहेत. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून बसता येतं. कोल्हापूरला विभागीय मंडळच आहे, तेव्हा मुंबई-पुण्याला खेटे नाहीत. दुसरा रस्ता एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा. तिथे माध्यमिकला वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात, पाच विषय निवडता येतात आणि ते पाच वर्षांत विभागून देता येतात. एका वेळी एक-दोन विषय ही सोय आपल्या मुलांसाठी सोन्यासारखी आहे. माझं मत विचाराल तर, गणिताने रडवलेल्या मुलाला एनआयओएस. भाषा, गणित बरं पण गर्दी सोसत नाही अशाला सतरा नंबर.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र कशाला? कुठे?

परीक्षेतल्या सवलतींसाठी. अपंगत्व असलेल्या उमेदवारांच्या लेखी परीक्षांबाबत केंद्राने २०१८ मध्ये काढलेल्या सूचनांत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ आणि लेखनिकाची सोय दिली होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सियासारख्या वाचन-लेखनाच्या अडचणी) येतात. एडीएचडीचं वेगळं नाव त्यात नाही, त्यामुळे एडीएचडीबरोबर वाचन-लेखनाची अडचण असेल तर तीही तपासून घ्या. वाचन-लेखनाचं निदान साधारण आठव्या वर्षानंतर पक्कं होतं. चौकशीची सुरुवात सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयापासून करा आणि यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, ऑनलाइन अर्ज आधी भरून ठेवा. दहावीच्या वर्षात धावपळ करू नका, नववी सुरू होण्याआधी कागद हातात हवेत.

मुलगी शांत आहे, नुसती खिडकीतून बघत बसते. तिलाही एडीएचडी असू शकतं?

हो. मुलींत हा प्रकार तुलनेने जास्त दिसतो आणि कुणाला त्रास होत नसल्यामुळे तो उशिरा लक्षात येतो. तपासून घ्या.

ही सगळी मदत केली तर तो कायम अवलंबून राहणार नाही का?

मदत एकदम काढली तर हो. थोडी थोडी काढायची, आणि कोणती काढायची ते मुलाला विचारायचं. आधी तुम्ही वही उघडून ठेवत होता, आता ती नुसती टेबलावर ठेवा. महिनाभर जमलं तर पुढची पायरी. आजारपणानंतर किंवा पाहुणे येऊन गेल्यावर सगळं मागे जातं, तेव्हा मदत पुन्हा वाढवायची. त्याला अपयश समजू नका. काही आधार कायमचे राहतील, यादी आणि गजर मोठी माणसंही आयुष्यभर वापरतात.

मलाच काही लक्षात राहत नाही, माझंच घर पसरलेलं. मी मुलाला काय शिस्त लावणार?

एडीएचडी घराण्यातून मोठ्या प्रमाणात चालत येतो, तेव्हा मुलाच्या निदानानंतर आई किंवा बाबांना आपलं लहानपण आठवणं हे नेहमीचंच. स्वतःचीही तपासणी करून घ्या. तोवर मुलासमोर मोठ्याने विचार करा: ‘‘मी दुधाची पिशवी आणायची विसरेन, म्हणून चप्पलवरच चिठ्ठी ठेवतो.’’ व्यवस्थित आईपेक्षा, विसरणारी पण युक्त्या करणारी आई या मुलांना जास्त शिकवते. आठवड्यातली एक दुपार मात्र दुसऱ्या कुणाच्या हवाली करा, ते चैनीत मोजू नका.

दिवाळीच्या सुट्टीत सगळं बंद ठेवू का?

पुस्तकं बंद ठेवा, क्रमाचा पुठ्ठा ठेवा, आणि किल्ला करायला लावा. पन्हाळा करा, विशाळगड करा, मुलाच्या आवडीचा कुठलाही. माती कुठून आणायची, पोतं आधी की दगड आधी, बुरुज कोसळला तर काय, बहिणीने तटबंदीवर पाय दिला तर काय. वर्षभर आपण वहीत जे शिकवायला धडपडतो ते सगळं तिथे आहे. हळीव उगवायला काही दिवस लागतात, म्हणून वसुबारसेला हिरवळ हवी असेल तर पेरायचं कधी हे कॅलेंडरवर उलटं मोजायला लावा. मावळे एकाच दिवशी सगळे आणू नका, रोज एक-दोन आणा, म्हणजे दुसऱ्या दिवशी परत किल्ल्याकडे यायला कारण राहतं. नरकचतुर्दशीला अर्धाच झाला असेल तर तसाच राहू द्या, पाडव्याला पूर्ण झाला तरी चालतो.